मशीनबरोबर आलेला पावणा

कोल्हापूरला मी नोकरी शोधत आलो नाही, एका मशीनबरोबर आलो. नागपुरात ज्या दुकानात मी टी-शर्टांवर छपाई करायचो ते बंद पडलं, सामान विकायला निघालं, आणि आमची हीट प्रेस कोल्हापूरच्या एका मालकांनी घेतली. शिवाजी पेठेत त्यांचा फुटबॉलच्या जर्सी शिवायचा छोटा कारखाना. मशीन बघायला ते स्वतः आले होते, आणि ती चालवून दाखवायला मीच उभा होतो. माझे हात तेव्हा असे चालत होते की मालक कमरेवर हात ठेवून बघतच राहिले. शेवटी दुकानदाराला म्हणाले, "मशीनबरोबर ह्यो पावणा बी द्या की."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला ते खरंच वाटलं. पुढच्या आठवड्यात टेम्पोत प्रेसशेजारी बसून मी निघालो तेव्हा कळलं की खरंच होतं.

माझं गाव भंडाऱ्याच्याही पुढे, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, आणि तलावांच्या मधे. राज्याच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला कोल्हापूर. शाळा नववीत सुटली. का सुटली ती गोष्ट इथे नको, आमच्याकडे तशा गोष्टी घरोघरी आहेत. पण शाळा अशी सुटली की एक सवय लागते. जो कुणी काम देईल तो उपकार करतोय असं वाटत राहतं, आणि आज दिलं ते उद्या काढून घेतील अशी धाकधूक चोवीस तास आत चालू असते. मालकांनी कारखान्यावरची खोली राहायला दिली. कामाला असलेल्या बाईंनी, ज्यांना सगळे अक्का म्हणत, पहिल्याच दिवशी डब्यातली भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. मी दोघांनाही "हो जी, हो जी" म्हणत राहिलो. आमच्याकडे मोठ्या माणसाशी बोलताना वाक्याला 'जी' लागतोच. इथे तो ऐकून लोक माना वळवून बघायचे.

आणि मला सगळे 'पावणं' म्हणायचे. "का ओ पावणं, जेवलासा का?" "पावणं, जरा सरका की." प्रेमानंच म्हणायचे. पण आमच्या गावात पाहुणा म्हणजे जाणारा माणूस. दोन दिवस त्याला पाटावर बसवायचं, मग वेशीपर्यंत पोचवून यायचं. त्यामुळे दर वेळी तो शब्द कानावर पडला की मला वाटायचं, हे आपल्याला आठवण करून देतायत. इथे चहाच्या गाड्यावर शेजारी उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसालाही पावणं म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावरही तो शब्द टोचायचा तो टोचायचाच.

टोचायला कारणही होतं. कोल्हापुरात माझे हात चालेनात.

हीट प्रेस ही काही अवघड वस्तू नाही. खाली एक पाट, वर तापलेला तवा, जबडा उघडावा तशी ती उघडते. पाटावर जर्सी पसरायची, तिच्या पाठीवर तापून चिकटणाऱ्या विनाईलचा आकडा सरळ ठेवायचा, वर कागद टाकायचा, दांडा ओढून तवा खाली आणायचा. शिटी वाजली की उचलायचं. मशीन तीच, माणूस तोच. तरी नागपुरात जे काम मी बोलता बोलता करायचो त्याला इथे घाम फुटायचा. आकडे तिरके बसायचे. सातचा आकडा असा कलायचा की खेळाडू पळत नसला तरी सात पळतोय असं दिसायचं. बिघडलेल्या जर्सी मी घडी घालून सगळ्यात खाली ठेवायचो, पण घडी उघडणारे हात तिथे बरेच होते.

मग एक दिवस मालक म्हणाले, "नागपुरात बघितलं ते तुमीच का तुमचा भाऊ, पावणं?" ते हसत होते. त्याच संध्याकाळी जिन्यात मी त्यांना कापड कापणाऱ्या कटिंग मास्तरांशी बोलताना ऐकलं. विषय माझाच होता. मालक म्हणत होते, हंगाम सरू दे, मग बघू काय करायचं ते.

फुटबॉलचा हंगाम म्हणजे पेठेत वेगळंच वारं असतं. इथे प्रत्येक तालमीचा आपला फुटबॉलचा संघ असतो. तालमींच्या संघांच्या, गल्लीतल्या पोरांच्या, कॉलेजांच्या जर्सींचे ढीग लागलेले असतात. तो हंगाम सरेपर्यंत मला मुदत होती. मी आईला फोनवर नेहमीसारखंच सांगितलं, बरा आहे, खूप चांगले लोक आहेत. आई म्हणाली, "तू तं कवाच काही वाईट सांगत नाहीस बाबू." मला ती शाबासकी वाटली.

त्याच दिवसांत मालकांच्या सूनबाई कारखान्यात बसायला लागल्या. त्यांना सगळे वहिनी म्हणत. पुण्यात शिकलेल्या, बोलायला मऊ, आणि डोळ्यांत सतत एक प्रश्न. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की खूश माणूस जास्त काम करतो. त्यांना हे खरं आहे का ते बघायचं होतं. त्यांनी दाराजवळ एक पत्र्याचा बोर्ड लावला, आणि जर्सीच्या उरलेल्या पिवळ्या विनाईलमधून गोल चेहरे कापून त्यांना मागं चुंबक चिकटवले. प्रत्येकाला तीन चेहरे. एक हसरा, एक मधला, एक रडका. सकाळी आल्यावर जसं वाटत असेल तो आपल्या नावाखाली लावायचा. खोटं लावायचं नाही आणि कुणी कुणाला काही म्हणायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर रडक्यांची रांगच लागली. एकाची गाडी पंक्चर होती, एकाला नळाला पाणी आलं नव्हतं, कटिंग मास्तरांची तालीम आदल्या दिवशी हरली होती. त्या सगळ्यांत हसरा चेहरा एकच होता, माझा.

आणि रोज तोच राहिला. माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. ज्यांनी खोली दिली, काम दिलं, भाकरी दिली, त्यांच्या भिंतीवर रडकं तोंड कसं लावायचं? पाहुण्याला जेवण कसं झालंय विचारलं तर तो भाजी खारट झालीय म्हणतो का?

वहिनींचा गोंधळ मात्र वाढत गेला. त्या खुर्ची ओढून बसायच्या आणि बघायच्या. कटिंग मास्तर बहुतेक रोज रडका लावायचे आणि सगळ्यात जास्त काम त्यांचं. तालीम हरल्याच्या दुसऱ्या दिवशी तर त्यांची कात्री अशी चालायची की कापडालाच भीती वाटावी. आणि जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी? हसरा चेहरा लावून ते अर्धी सकाळ दुसरा गोल कसा झाला तेच सांगत बसायचे. वहिनींनी त्यांना एकदा हे बोलूनही दाखवलं. मास्तर मान वर न करता म्हणाले, "तोंडानं कुठं काम व्हतंय वहिनी, हातानं व्हतंय की."

अक्का सीमेकडच्या गावातून आलेल्या. कापडाच्या कडा शिवणारी ओव्हरलॉकची मशीन चालवायच्या आणि काम लागलं की कानडीत काहीतरी गुणगुणायच्या. मला त्या गुणगुणण्याचं फार कुतूहल वाटायला लागलं. त्या सकाळी आल्याबरोबर गुणगुणत नसत. आधी मशीनला तेल घालायच्या, सुई बघायच्या, एक-दोन तुकडे शिवायच्या, घरच्या सुनेबद्दल तक्रार करायच्या. मग मशीनचा आवाज एकसारखा झाला की कुठूनतरी सूर निघायचा. मी वहिनींना हे भीत भीत सांगितलं. म्हटलं, आधी काम लागतं आणि मग गाणं येतं, असं दिसतं जी. वहिनींचे डोळे चमकले. "म्हणजे उलटंच की काय?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्ही तर रोज खूश असता. मग तुमचं काम का मागं पडतंय?"

त्यांच्या आवाजात दोष नव्हता. कोडं सुटत नाही म्हणून विचारावं तसं त्यांनी विचारलं. मला स्वतःलाही ते कोडंच होतं. पण मी म्हणालो, खोली छान आहे जी, जेवण छान आहे जी.

"मी जेवणाचं विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी ठरवलं की मला घरची आठवण येत असणार. मग सुरू झाली माझ्या खुशीची मोहीम. आमच्याकडे भात खातात हे कळल्यावर डब्यात भात यायला लागला. अक्कांनी एक दिवस माझ्यासाठी मुद्दाम तांबड्या रश्शात तिखट कमी टाकलं आणि त्यावरून मास्तरांची बोलणी खाल्ली. वहिनींनी प्रेसशेजारी छोटा रेडिओ ठेवला. दुपारी घरी फोन करायला वेळ मिळायला लागला. आणि प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर माझे आकडे जास्तच तिरके बसायला लागले. एवढं सगळं करतायत आणि आपण सात सरळ लावू शकत नाही. रेडिओवर गाणं लागलं की मला वाटायचं, हेही आपल्या खात्यावर चढलं.

मास्तरांची मोहीम वेगळी होती. त्यांनी मला विचारलं, तुमची तालीम कुठली? पेठेत राहायचं तर एक बाजू धरावी लागते. कारखान्यात अर्धे लोक मास्तरांच्या तालमीचे, अर्धे समोरच्या. मी दोन्ही बाजूंना बघून म्हणालो, "दोन्ही चांगल्या आहेत जी."

कात्र्या थांबल्या. समोरच्या तालमीचा माणूससुद्धा मास्तरांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "दोन्ही चांगल्या म्हंजे काय?" मास्तर म्हणाले. "ह्यो काय लग्नातला आहेर हाय व्हय, दोन्हीकडनं घ्यायला?" त्यानंतर कुणीही माझ्याशी फुटबॉलवर बोलेना. एवढ्या वर्षांत तालमींच्या त्या दोन गटांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

दुपारी जेवणानंतर मागच्या चौकात खेळ व्हायचा. उरलेल्या कापडाच्या चिंध्या गुंडाळून त्यावर दोरा आवळून केलेला चेंडू. मी कडेला भिंतीला टेकून बसायचो. एक दिवस तो चेंडू घरंगळत माझ्याकडे आला आणि "द्या की पावणं" म्हणून कुणीतरी ओरडलं. मी उठून मारला. काही विचार केला नाही, नुसता मारला. तो सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, पलीकडच्या गच्चीत पडला, आणि तिथल्या बाईंनी सांडगे वाळत घातले होते त्यांचा उद्धार झाला असावा, कारण बराच वेळ आमचाही होत राहिला.

पण चौकात कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. मास्तर माझ्या पायाकडे बघत होते.

"अरं, डावरा हाय की ह्यो," ते म्हणाले. त्यांच्या तालमीच्या दुसऱ्या संघाला डाव्या पायाचा माणूस बरेच दिवस मिळत नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माझ्याबद्दल काहीतरी आशा दिसली.

बाकीचे हसायला लागले, हसल्या नाहीत त्या फक्त अक्का. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझा डावा हात धरून उलटा केला. मनगटाच्या वर तपकिरी रेघा होत्या, काही जुन्या, काही ताज्या.

"हे काय रं?" त्यांनी विचारलं. 'पावणं' नव्हतं, 'ओ' नव्हतं.

"तव्याचं जी. चुकून लागतं."

"उजव्याला का न्हाय लागत?"

मी दोन्ही हात पुढे धरून बघितले. खरंच कधी विचार केला नव्हता. भाकरी मी उजव्या हातानं खातो, लिहितोही उजव्यानं, शाळेत गुरुजींनी छडीनं तेवढं बदलून घेतलं होतं. बाकी सगळं डाव्यानं. पण घरी ते कुणी बोलून दाखवत नसे, आणि मीही विसरून गेलो होतो.

अक्कांनी मला हाताला धरून वर नेलं. मागोमाग सगळे आले, हातपाय न धुता. "चालीव," त्या म्हणाल्या. मी जर्सी पसरली. मग आकडा घ्यायला माझा डावा हात पाटावरून, उघड्या तव्याखालून, उजवीकडच्या टेबलाकडे गेला. आकडे तिथे होते. हात परत येताना मनगट तव्याला पुसटसं लागलं. रोज असंच व्हायचं. सगळे बघत होते म्हणून मलाही पहिल्यांदा दिसलं.

"आकडं तिकडं कुणी ठेवलं?" अक्कांनी विचारलं.

"मीच," मास्तर म्हणाले. "प्रेस आली त्या दिवशी. खिडकी तिकडं हाय, उजेड बरा पडतोय."

"ह्याला इचारलंस?"

मास्तर खरोखरच चकित झाले. "पावण्याला कसं इचारायचं? दमून आलतं. म्हटलं बसा निवांत, आमी लावतो की सगळं."

मला तो दिवस आठवला. टेम्पो आला, चार माणसांनी प्रेस वर चढवली, मी हात लावायला गेलो तर मला खुर्चीवर बसवून चहा दिला. तसं बसून राहायला मला अवघड वाटत होतं, पण नको म्हणायलाही अवघड वाटत होतं. आणि नागपूरचं दुकानही आठवलं. तिथले मालक स्वतः डावरे होते. त्यांनी प्रेस स्वतःच्या सोयीनं लावलेली होती, आकडे डावीकडे, तयार माल उजवीकडे. मी गेलो तेव्हा सगळं आधीच जागच्या जागी होतं. म्हणून मला कधी कळलंच नाही की माझं काम ज्याच्यावर चालतं अशी काही जागाही असते.

"हात दुखत न्हवता व्हय तुझा?" अक्कांचा आवाज चढला. "तोंड न्हाय तुला?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला गैरसोय होतेय हे कळत होतं ना? सांगितलं का नाहीत?"

अवघड होतंय हे मला कळत होतं, खांदा भरून यायचा, हात भाजायचा. पण दुसऱ्याच्या घरातलं टेबल आपण कसं सरकवायचं? मी म्हणालो, "घर तुमचं आहे जी."

अक्का वहिनींकडे बघून म्हणाल्या, "ही पोरगी रोज इचारत व्हती ह्याचं काम का मागं पडतंय म्हणून. म्हणून माझं ध्यान गेलं. न्हायतर मी कशाला बघतीय ह्याचा हात." वहिनींनी त्यावर बोर्डाकडे एक नजर टाकली आणि स्वतःशीच हसल्या.

टेबलं बदलली, पण तेवढ्यानं भागेना. उजेड चुकीच्या बाजूला आला. मग प्रेसच फिरवून दुसऱ्या भिंतीला लावायची ठरली. या वेळी मी खुर्चीवर बसलो नाही. मास्तर आणि मी दोन बाजूंनी उचलली आणि मास्तर सगळा वेळ मला शिव्या देत होते, उचल की लेका, वाकून उचल, जेवलास का नुसता भात गिळलास. वायर पुरली नाही. वायरमन दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आला.

मला वाटलं होतं, आता हात पळायला लागतील. तसं झालं नाही. वाकड्या जागेची सवय अंगात मुरली होती. डावा हात अजून उगाच उजवीकडे जायचा आणि तिथे काही नसायचं. वहिनी खुर्ची टाकून बघत होत्या, मी घाबरत होतो. शेवटी त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्या उठून गेल्या. जेवणानंतर कधीतरी मी कामाला लागलो, आणि मग अक्का ओव्हरलॉक थांबवून ओरडल्या, "गप की रं डावऱ्या, डोकं उठलं."

मी शीळ वाजवत होतो. मला पत्ताच नव्हता.

वहिनी धावत आल्या. कधी सुरू झाली शीळ? काम पळायला लागल्यावर का आधी? शेजारी कोण होतं? त्यांनी सगळ्यांना विचारलं, पण नेमकं कुणालाच सांगता येईना. समोरचा ढीग निम्मा झाला होता एवढं खरं. सात सरळ उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्डापुढे उभा राहिलो. आदल्या रात्री अक्कांच्या घरचा रस्सा या वेळी पूर्ण तिखट खाल्ला होता आणि पोट बरं नव्हतं. हात सवयीनं हसऱ्या चेहऱ्याकडे गेला. मग मी मधला उचलून लावला. एवढीशी गोष्ट, पण लावल्यावर मी आजूबाजूला बघून घेतलं. वहिनी काळजीनं विचारायला आल्या, मी म्हणालो, "रस्सा जरा जास्तच तिखट होता जी."

मास्तर मागून म्हणाले, "आला बघा माणसात."

त्या रविवारी आईला फोन केला तेव्हा मी तिला सांगितलं की इथले लोक मोठ्यानं बोलतात, रस्सा सोसत नाही, मास्तर मला त्यांच्या तालमीत ओढायला बघतात. आई मधे मधे हसत होती. एवढं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मग म्हणाली, "आता खरं बोलतोस बाबू तू." मी विचारलं, काहून, आधी खोटं बोलत होतो का? ती म्हणाली, नाही, आधी तू मला बरं वाटावं म्हणून नुसतं ऐकवत होतास.

हंगाम सरला. शेवटच्या जर्सी गेल्या, कारखान्यात कापडाचे तुकडे तेवढे उरले. मालकांनी मला खाली बोलावलं. काम सुधारलं होतं, सगळ्यांना दिसत होतं. तरी जिना मी एकेक पायरी मोजत उतरलो. 'हंगाम सरू दे, मग बघू' हे मी विसरलो नव्हतो, आणि सुधारलं म्हणून राहू देतील असं कुणी सांगितलं नव्हतं. हातात पिशवी घेऊन गेलो नाही एवढंच. मनात ती भरून झाली होती.

मालक हिशोबाच्या टेबलाशी चहा पीत होते. मला बसायलाही सांगितलं नाही.

"परवा तुझ्या प्रेसवर मास्तरला उभा केलता," ते म्हणाले. "एक आकडा धड लागला न्हाय. हात भाजून घेतला."

मी म्हणालो, चूक झाली जी, मी टेबल पुन्हा होतं तिथे लावतो.

"कशाला?" त्यांनी कप खाली ठेवला. "आता ती मशीन डावरी झाली. दुसऱ्या कुणाला चालवायला येणार न्हाय. तवा तू कुठं जायाचं न्हाईस. कळलं का?"

"हो जी," मी म्हणालो. मग जरा थांबून, इथला शब्द तोंडात बसतोय का बघत, म्हणालो, "व्हय की."

ते हसले आणि मला चहा सांगितला. मी उभ्यानंच प्यायलो. साखर कमी होती, आणि मी ते सांगितलं.